वराडचा नातू आणि आयर्लंडचं पंतप्रधानपद: स्वीकार नेमका कुणी केला?

२ जून २०१७ रोजी डब्लिनमध्ये फिना गेल पक्षाच्या नेतेपदाचा निकाल लागला. लिओ वराडकर ६० टक्के, सायमन कोव्हनी ४० टक्के. पक्ष सत्तेत होता, त्यामुळे जो नेता तोच पुढचा पंतप्रधान. जगभरच्या माध्यमांनी बातमी एकाच साच्यात ओतली: कॅथलिक आयर्लंडमध्ये भारतीय डॉक्टरचा समलैंगिक मुलगा पंतप्रधान होणार. आपल्याकडे याच बातमीतला एक शब्द हळूच मागे सरला आणि दुसरा ठळक झाला. वराडकर म्हणजे मालवण तालुक्यातलं वराड, म्हणजे आपला माणूस. शेवटी 'कर' असलेलं आडनाव युरोपातल्या एका सरकारच्या प्रमुखपदी पोचल्याचा आनंद साहजिकच होता. पण त्या जूनमध्ये भारतात कलम ३७७ लागू होतं. ज्याचं कौतुक चाललं होतं त्याचं सहजीवन त्याच्या आजोबांच्या गावी गुन्ह्याच्या कक्षेत आलं असतं, हे फार थोड्यांनी बोलून दाखवलं.

देश बदलला, लोकांची मनं मोठी झाली, असं म्हणून ही गोष्ट दोन ओळींत आटोपता येते. निकालाचे आतले आकडे पाहिले की तसं म्हणवत नाही. पक्षाच्या सामान्य सदस्यांमध्ये कोव्हनींना ७,०५१ मतं होती आणि वराडकरांना ३,७७२. म्हणजे गावोगावच्या साध्या कार्यकर्त्यांनी दुसऱ्याच माणसाला पसंती दिली होती, आणि तीही मोठ्या फरकाने. मग वराडकर जिंकले कसे? आणि त्या पराभवाचा अर्थ 'सदस्य पूर्वग्रहदूषित होते' असा लावायचा का? या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे, ते या दोन प्रश्नांच्या आसपास आहे.

घर

वडील अशोक वराडकर मुंबईत जन्मले, डॉक्टर झाले आणि १९६० च्या दशकात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत नोकरीला गेले. स्लाव इथे काम करताना मिरियम हॉवेल या परिचारिकेशी ओळख झाली. त्या आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यातल्या डनगार्वनच्या. लग्नानंतर काही काळ लेस्टर, मग भारत, आणि १९७३ मध्ये कुटुंब डब्लिनला स्थिरावलं. लिओ हे तिसरं अपत्य, दोन बहिणींच्या पाठचे, जन्म १८ जानेवारी १९७९. वाढले ते ब्लँचर्ड्सटाउन या पश्चिम डब्लिनमधल्या उपनगरात. वडिलांचा दवाखाना तिथेच होता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण 'स्थलांतरिताचा मुलगा' या शब्दांमागे बरंच काही झाकलं जातं. वडील हिंदू, आई कॅथलिक, मुलं कॅथलिक म्हणून वाढली. शाळा फी भरून शिकायची, चांगल्या नावाची. पुढे ट्रिनिटी कॉलेजमधून वैद्यकीय पदवी, त्या प्रशिक्षणाचा काही भाग परळच्या केईएममध्ये. उपनगरातल्या डॉक्टरचं घर म्हणजे शेकडो कुटुंबांना नावानिशी ठाऊक असलेलं घर. तालुक्याच्या गावी डॉक्टरांचा मुलगा निवडणुकीला उभा राहिला की त्याचा प्रचार दवाखान्याच्या बाकावर आधीच निम्मा झालेला असतो, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. वराडकरांचा रंग आणि आडनाव वेगळं होतं. वर्ग मात्र आयरिश राजकारणाला चांगलाच परिचयाचा होता.

तरी पहिला प्रयत्न फसला. १९९९ च्या स्थानिक निवडणुकीत, वयाच्या विसाव्या वर्षी, वैद्यकीय विद्यार्थी असताना ते मुल्हडार्ट विभागातून उभे राहिले आणि ३८० मतांवर आटोपले.

एकाच दिवशी दोन कौल

पाच वर्षांनी, ११ जून २००४ रोजी, कॅसलनॉक विभागात त्यांना पहिल्या पसंतीची ४,८९४ मतं पडली. त्या वेळच्या स्थानिक निवडणुकांमध्ये संपूर्ण देशात एवढी मतं दुसऱ्या कुठल्या उमेदवाराला मिळाली नव्हती. आणि त्याच दिवशी, त्याच केंद्रांवर, आयरिश मतदारांच्या हातात आणखी एक कागद होता. तो घटनादुरुस्तीच्या सार्वमताचा. आयर्लंडच्या भूमीवर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आपोआप मिळणारा नागरिकत्वाचा घटनात्मक हक्क काढून घ्यायचा का, असा तो प्रश्न होता. स्थलांतरित बायका बाळंतपणासाठी आयर्लंडला येतात, ही चर्चा तेव्हा तापली होती. सुमारे ७९ टक्के मतदारांनी 'हो' म्हटलं.

ज्या दिवशी एका देशाने परक्यांच्या मुलांसाठी दार अरुंद केलं, त्याच दिवशी एका भारतीय डॉक्टरच्या मुलाला देशातली सर्वाधिक मतं मिळाली. मला या सबंध प्रकरणातली सगळ्यात बोलकी तारीख हीच वाटते. २०१५ किंवा २०१७ ची नव्हे. ओळखीच्या माणसाला मत देणं आणि त्या माणसाच्या समूहाला जागा देणं या दोन क्रिया एकाच हाताने, एकाच सकाळी, परस्परविरुद्ध होऊ शकतात.

यात निवडणूक पद्धतीचा वाटा मोठा आहे. आयर्लंडमध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारत नाहीत, पसंतीक्रम लिहितात. आपल्याकडे विधान परिषदेच्या किंवा राज्यसभेच्या निवडणुकीत आमदार जसे १, २, ३ असे आकडे घालतात, कोटा ठरतो, जादा मतं पुढच्या पसंतीकडे वळतात आणि मग रात्रभर टीव्हीवर गणितं चालतात, तसं तिथे सामान्य मतदार करतो. एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. तीन जागांच्या मतदारसंघात साधारण पाव मतं जमली की काम झालं. म्हणजे सगळ्या मतदारसंघाला तुम्ही आवडायची गरज नाही. चारातल्या एकाने पहिली पसंती द्यावी आणि उरलेल्यांपैकी काहींनी दुसरी-तिसरी, एवढं पुरतं. ज्यांना तुमच्याविषयी थोडा संकोच आहे त्यांनाही 'दुसरा नंबर देऊन टाकू' असं म्हणायची सोय राहते. आपल्या लोकसभा-विधानसभेच्या पद्धतीत ही मधली जागाच नाही.

दुसरं असं, की एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांशीही झुंजत असतात. त्यामुळे पक्षाच्या चिन्हावर तरून जाता येत नाही. दारोदार फिरावंच लागतं. चेहरा ओळखीचा होतो आणि आडनावातलं परकेपण झिजत जातं.

तिसरं कारण पक्षाच्या दुरवस्थेचं. २००२ च्या निवडणुकीत फिना गेल ५४ जागांवरून ३१ वर कोसळला होता. राजधानी डब्लिनमध्ये तर पक्षाच्या हाती तीन जागा उरल्या होत्या. भरल्या घरात नवख्याला कोपरा मिळत नाही. इथे घर रिकामं होतं. २००३ मध्ये परगणा परिषदेतली एक जागा मधूनच मोकळी झाली, तिच्यावर पक्षाने वराडकरांना बसवलं, आणि पुढच्या वर्षी ते नवखे न राहता विद्यमान सदस्य म्हणून मतदारांसमोर गेले. २००७ मध्ये डब्लिन वेस्टमधून ते डॉल, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात पोचले. २०११ मध्ये परिवहन, पर्यटन आणि क्रीडा खात्याचे मंत्री झाले आणि २०१४ मध्ये आरोग्यमंत्री.

या काळातले वराडकर कुणाचे प्रतिनिधी होते? स्थलांतरितांचे तर नक्कीच नाही. २००८ च्या मंदीत बेरोजगार परदेशी कामगारांना काही महिन्यांचा भत्ता एकरकमी देऊन मायदेशी परतण्याचा पर्याय द्यावा, अशी सूचना त्यांनी केली आणि टीका ओढवून घेतली. २०१० मध्ये समलैंगिक जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनाच्या विधेयकावर बोलताना, प्रत्येक मुलाला आई आणि बाप दोघंही असण्याचा हक्क आहे, असा सूर त्यांनी लावला होता. ते आर्थिक बाबतीत उजवे आणि सामाजिक बाबतीत, निदान तेव्हा, सावध होते. अल्पसंख्य गटातून आलेला नेता त्या गटाचाच वकील असणार ही आपली अपेक्षा असते. वराडकरांनी ती पहिल्यापासून मोडली, आणि मला वाटतं त्यांच्या चढत्या आलेखाचं तेही एक कारण आहे. बहुसंख्यांना निर्धास्त वाटणारा अल्पसंख्य पुढे जातो. हे बोचरं आहे, पण खरं आहे.

रेडिओवरचा रविवार

१८ जानेवारी २०१५, छत्तिसावा वाढदिवस. आरटीई या सार्वजनिक नभोवाणीवर मिरियम ओ'कॅलहन यांच्या कार्यक्रमात आरोग्यमंत्री वराडकरांनी आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं. सांगण्याची रीत पाहण्यासारखी होती. ही काही माझी व्याख्या नाही, मी अर्धभारतीय राजकारणी नाही, डॉक्टर राजकारणी नाही आणि समलैंगिक राजकारणीही नाही, हा माझ्या असण्याचा एक भाग आहे, असा त्यांचा आशय होता. आणि मग व्यवहाराचं कारण: विवाह समानतेचं सार्वमत तोंडावर होतं, सरोगसी आणि रक्तदानाचे नियम यांवर आरोग्यमंत्री म्हणून निर्णय घ्यावे लागणार होते, आपला काही छुपा हेतू आहे असं उद्या कुणी म्हणू नये, म्हणून आजच सांगतो. हितसंबंध आधी जाहीर करावेत या प्रशासकीय शिस्तीत त्यांनी आपलं खाजगी सत्य बसवलं. यात मुत्सद्दीपणा नव्हता असं कोण म्हणेल? पण धोकाही खरा होता. तोवर आयर्लंडच्या मंत्रिमंडळात उघडपणे समलैंगिक असलेला एकही मंत्री झालेला नव्हता.

ही वाट एकट्या वराडकरांनी पाडली नव्हती, हे लिहिलंच पाहिजे. डेव्हिड नॉरिस हे ट्रिनिटीतले प्राध्यापक १९८७ पासून सेनेटमध्ये, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहात, होते. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या, व्हिक्टोरियन काळापासून चालत आलेल्या कायद्याविरुद्ध ते स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेले आणि १९८८ मध्ये जिंकले. प्रत्यक्ष कायदा बदलायला सरकारने १९९३ उजाडवलं. ब्रिटिश अमलाची ती शिल्लक आयर्लंडने २५ वर्षं आधी झटकली, आपण ६ सप्टेंबर २०१८ रोजी. २०११ मध्ये लेबर पक्षाचे डॉमिनिक हॅनिगन आणि जॉन लायन्स हे डॉलमध्ये निवडून आलेले पहिले उघड समलैंगिक सदस्य ठरले. त्याच वर्षी उघडपणे समलैंगिक असलेल्या कॅथरीन झापोन सेनेटमध्ये आल्या. वराडकरांनी दार उघडलं तेव्हा कडी आधीच काढलेली होती.

२२ मे २०१५ च्या सार्वमतात ६२ टक्के मतदारांनी विवाह समानतेच्या बाजूने कौल दिला. ४३ मतदारसंघांपैकी फक्त एक, रॉसकॉमन–साउथ लायट्रिम, विरोधात गेला. त्यामागे दोन वर्षांची मशागत होती. १०० जणांचं घटना अधिवेशन भरवलं गेलं. त्यात ६६ सामान्य नागरिक चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक निवडलेले, ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष. त्यांनी तज्ज्ञ ऐकले, विरोधक ऐकले, आपसात बोलले आणि ७९ टक्क्यांनी बदलाची शिफारस केली. मग प्रचारात आयांनी मुलांसाठी, आजोबांनी नातींसाठी दारं वाजवली. परदेशी गेलेली तरुण मुलं केवळ मत द्यायला विमानाने, बोटीने परत आली. या सार्वमतानंतर वराडकरांच्या खाजगी आयुष्याबद्दल राजकीय प्रतिस्पर्ध्याला बोलण्यासारखं काही उरलं नाही. देशाने प्रश्न निकालात काढलेला होता. दोन वर्षांनी नेतेपदाच्या शर्यतीत तो विषय जवळजवळ निघालाच नाही, याचं श्रेय मी उमेदवारापेक्षा या सार्वमताला देईन.

६५, २५ आणि १०

आता त्या निकालाकडे. फिना गेलचा नेता निवडायचं सूत्र असं: खासदारांच्या मताला ६५ टक्के वजन, सदस्यांच्या मताला २५, स्थानिक लोकप्रतिनिधींना १०. ही पद्धत २०१७ मध्ये पहिल्यांदाच वापरली गेली. खासदार आणि सेनेटर मिळून ७३ जण होते, त्यांपैकी ५१ वराडकरांकडे. स्थानिक प्रतिनिधींत १२३ विरुद्ध १००. सदस्यांत ३५ टक्के. वजनं लावून बेरीज केली की साधारण ४५, ५.५ आणि ९ मिळून साठाच्या घरात आकडा जातो. हीच निवड केवळ सदस्यांच्या मतांवर झाली असती तर कोव्हनी ६५ टक्क्यांनी पंतप्रधान झाले असते.

१७ मे रोजी तेव्हाचे पंतप्रधान एंडा केनी यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत वराडकरांच्या गोटाने मंत्री-खासदारांचे पाठिंबे असे शिस्तीत, एकामागून एक जाहीर केले की सदस्यांच्या सभा सुरू व्हायच्या आत निकाल लागल्यासारखा झाला. मग चार ठिकाणी जाहीर वादसभा झाल्या, त्यात कोव्हनींचं पारडं जड होत गेलं, पण तोवर उशीर झाला होता. जिल्हा बँकेच्या अध्यक्षपदासाठी संचालक सहलीला नेतात त्यापेक्षा हे सभ्य होतं, इतकंच.

सदस्यांनी वराडकरांना का नाकारलं? सोपं उत्तर मोहात पाडतं: खेड्यापाड्यातले वयस्कर कॅथलिक सदस्य, दुसरं काय होणार. पण वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टींवर. कोव्हनी कॉर्कचे, जुन्या राजकीय घराण्यातले, मंत्र्याचे चिरंजीव. पक्षाच्या 'न्याय्य समाज' या १९६० च्या दशकातल्या परंपरेची ते आठवण काढत होते. सगळ्यांचा पक्ष हवा, असं म्हणत होते. वराडकर समाजकल्याण खात्याचे मंत्री असताना त्या वसंतात भत्ते लाटणाऱ्यांविरुद्ध जाहिरातींची मोहीम काढून बसले होते, आणि आपण सकाळी लवकर उठून कामाला जाणाऱ्यांचे नेते आहोत, असं त्यांचं पालुपद होतं. अनेक सदस्यांना ते कोरडं वाटलं. खासदारांचा हिशेब वेगळा होता. पुढच्या निवडणुकीत आपली जागा कोण वाचवेल? त्यांना ३८ वर्षांचा, टीव्हीवर चटकदार बोलणारा, पक्षाचा चेहरामोहरा तरुण करणारा माणूस पटला. म्हणजे ज्यांनी नाकारलं त्यांनी धोरणासाठी नाकारलं आणि ज्यांनी स्वीकारलं त्यांनी स्वार्थासाठी स्वीकारलं. पूर्वग्रह कुणाच्याच मनात नव्हता असा दावा मी करणार नाही. पण तो उघडपणे वापरायची कुणाला हिंमत झाली नाही, आणि राजकारणात एवढं पुष्कळ असतं.

१४ जूनला डॉलमध्ये मतदान झालं. बाजूने ५७, विरोधात ५०, तटस्थ ४७. फिआना फॉल या मुख्य विरोधी पक्षाने अल्पमतातल्या सरकारला बाहेरून तगवण्याचा करार केलेला होता, म्हणून तटस्थांची ती रांग. आयर्लंडचा तोवरचा सर्वांत तरुण पंतप्रधान अशा पातळ पायावर उभा राहिला.

जाता जाता: त्याच काळात पोर्तुगालचे पंतप्रधान अंतोनियो कोस्ता होते, मडगावच्या घराण्यातले, घरचे त्यांना कोकणी लाडाने 'बाबुश' म्हणत. २०१७ ते २०२४ या वर्षांत, मधली अडीच वर्षं वगळता, युरोपातल्या दोन सरकारांचे प्रमुख मालवण-मडगाव या पट्ट्यातल्या घरांतून आलेले होते. कोकणाने इतकं कधी मनीऑर्डरीच्या काळातही कमावलं नव्हतं.

सत्तेत: साध्या कारणांनी नावडता

जून २०१८ मध्ये, समलैंगिकता गुन्ह्याच्या यादीतून निघाल्याला २५ वर्षं झाली त्या निमित्ताने, वराडकरांनी जुन्या कायद्याखाली शिक्षा झालेल्यांची सरकारच्या वतीने माफी मागितली. त्याच वर्षी मे महिन्यात गर्भपातावरची घटनात्मक बंदी ६६ टक्के मतांनी उठली होती. मार्च २०१९ मध्ये वॉशिंग्टनला उपाध्यक्ष माइक पेन्स यांच्या घरी, जोडीदार मॅथ्यू बॅरेट यांना सोबत नेऊन, ते म्हणाले की मी माझ्या देशाचा नेता म्हणून इथे उभा आहे, चुकणारा माणूस, पण माझी पारख होते ती माझ्या राजकीय कामावरून. लैंगिक कल, कातडीचा रंग, लिंग किंवा धर्म यांवरून नव्हे.

बोलणं खरं ठरलं, थोडं जास्तच खरं. फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीत मतदारांनी त्यांची पारख नेमकी कामावरूनच केली. ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत त्यांनी नाव कमावलं होतं, पण मतदानोत्तर चाचणीत ब्रेक्झिट महत्त्वाचा म्हणणारे जेमतेम एक टक्का निघाले. लोक बोलत होते ते दवाखान्यातल्या खाटांबद्दल आणि घरभाड्याबद्दल. २०१९ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांची संख्या दहा हजारांवर गेली होती. फिना गेल ३५ जागांसह तिसरा आला. डब्लिन वेस्टमध्ये शिन फेन या विरोधी पक्षाच्या उमेदवाराने पहिल्या पसंतीत आघाडी घेतली आणि विद्यमान पंतप्रधानांना आपला कोटा भरायला पाचवी फेरी गाठावी लागली. वर ज्या पद्धतीचं कौतुक केलं, तिनेच त्यांना वाचवलं.

पुढचा काळ नेहमीच्या राजकारणासारखा. तीन पक्षांचं आघाडी सरकार, त्यात आधी उपपंतप्रधान आणि ठरल्याप्रमाणे १७ डिसेंबर २०२२ पासून पुन्हा पंतप्रधान. मध्ये डॉक्टरांच्या संघटनेसोबतच्या कराराचा गोपनीय मसुदा एका मित्राला दिल्याचं प्रकरण निघालं. अविश्वास ठराव आला, तो फेटाळला गेला. पोलीस तपास झाला आणि २०२२ मध्ये खटला न भरण्याचा निर्णय झाला. महासाथीच्या दिवसांत त्यांच्या घरासमोर निदर्शनं झाली तेव्हा त्यांच्या समलैंगिक असण्यावरून हेटाळणीही झाली. ती काठावरच्या गटांची होती. मुख्य पक्षांपैकी कुणी त्या पातळीला उतरलं नाही. विरोधकांनी त्यांना उजवा, कोरडा, जाहिरातबाज म्हटलं. या विशेषणांत मला त्या देशाची प्रगती दिसते.

वराड

२९ डिसेंबर २०१९ रोजी वराडकर आईवडील आणि बहिणींच्या कुटुंबांसह वराडला आले. तीन पिढ्या आजोबांच्या घरी एकत्र आल्याचं समाधान त्यांनी बोलून दाखवलं. गावाने वाजतगाजत स्वागत केलं. कलम ३७७ चा तो भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. गावाने नातवाला जवळ केलं, आणि त्या प्रेमाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण तो स्वीकार नात्याचा आणि यशाचा होता. पाहुणा म्हणून आलेला पंतप्रधान आणि गावातच राहून ग्रामपंचायतीला उभा राहणारा 'वेगळा' माणूस, यांत अंतर आहे.

ते अंतर वर्षभरातच जळगाव जिल्ह्यात दिसलं. भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज, महिलांसाठी राखीव जागेवर भरला म्हणून, निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडूनही आल्या. मतदारांची हरकत नव्हती, कागदाची होती. आयर्लंडमध्ये यंत्रणेने दार सैल केलं आणि मतदार मागून आले. इथे मतदार तयार होते आणि दारावरचा कारकून अडून बसला.

२३ नोव्हेंबर २०२३

डब्लिनच्या पार्नेल चौकाजवळ एका माणसाने शाळेबाहेर लहान मुलांवर आणि त्यांना सांभाळणाऱ्या सेविकेवर चाकूने वार केले. हल्लेखोर परदेशी आहे अशी हाकाटी काही तासांत पसरली आणि संध्याकाळपर्यंत शहराच्या मध्यभागी बस, ट्राम, पोलिसांच्या गाड्या जळत होत्या, दुकानं फुटत होती. घोषणा स्थलांतरितांविरुद्ध होत्या. देशाचा पंतप्रधान त्या रात्री एका स्थलांतरिताचा मुलगा होता. त्याच्या निवडीने जमावाच्या मनात काही फरक पडला होता असं मानायला जागा नाही. २००४ चा तो दुसरा कागद विस्मरणात गेला होता, नाहीसा झालेला नव्हता.

८ मार्च २०२४ रोजी कुटुंबाची व्याख्या आणि घरातली शुश्रूषा यांवरच्या दोन घटनादुरुस्त्या सरकारने मतदारांपुढे ठेवल्या आणि दोन्ही दणदणीत आपटल्या. दुसरीवर तर जवळपास ७४ टक्के लोक 'नाही' म्हणाले. बारा दिवसांनी वराडकरांनी पद सोडत असल्याचं सांगितलं. कारणं वैयक्तिकही आहेत आणि राजकीयही, या कामासाठी आता मी सर्वोत्तम माणूस नाही, एवढंच. ९ एप्रिलला सायमन हॅरिस आले. त्या वर्षभरात लंडनला ऋषी सुनक, स्कॉटलंडच्या एडिनबराला हमजा युसुफ आणि डब्लिनला वराडकर, असे दक्षिण आशियाई घरांतले तिघे एकाच वेळी आपापल्या सरकारांच्या प्रमुखपदी होते. २०२४ चा जुलै सरेपर्यंत तिघेही गेले. एक थकून, एक आघाडी मोडून, एक निवडणूक हरून.

वराडकरांच्या वाटेने आणखी कोण आलं, हे पाहायला गेलं तर चित्र विरळ आहे. ट्रॅव्हलर म्हणून ओळखला जाणारा, आपल्याकडच्या भटक्या समाजांशी नातं सांगावं असा एक समूह आयर्लंडमध्ये शतकानुशतकं आहे. ते पूर्ण आयरिश, गोरे, कॅथलिक. २०१६ च्या जनगणनेत सुमारे ३१ हजार. त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून राज्याची मान्यता मिळाली ती मार्च २०१७ मध्ये, वराडकर पंतप्रधान होण्याच्या तीन महिने आधी. फी भरून शिकायची शाळा, डॉक्टरची पदवी, उपनगरातलं ओळखीचं घर, पक्षाने मधूनच दिलेली मोकळी जागा, यांतलं काहीही या समाजातल्या तरुणाकडे सहसा नसतं. आणि ते विखुरलेले असल्याने कुठल्याच मतदारसंघात पाव मतं त्यांची होत नाहीत. दुसरी-तिसरी पसंती द्यायला शेजारी तयार नसतात. थेट जनतेच्या मतांवर डॉलमध्ये अजून एकही ट्रॅव्हलर पोचलेला नाही. २०२० मध्ये आयलीन फ्लिन या ट्रॅव्हलर कार्यकर्त्या सेनेटच्या सदस्य झाल्या, त्या पंतप्रधानांच्या हातात असलेल्या अकरा नियुक्त जागांपैकी एकीवर. सही वराडकरांनंतर आलेल्या मिहॉल मार्टिन यांची होती.